‘झिजल्यासारखी वाटते’: एका ‘म्हणजे’चा प्रकरण अभ्यास

“ॲक्च्युअली सर, म्हणजे, काय झालंय की, ते आपलं दोन नंबरचं फिक्स्चर आहे ना, म्हणजे, त्याची जी लोकेटिंग पिन आहे, म्हणजे ती, अं, थोडी वर्न आऊट, म्हणजे, झिजल्यासारखी वाटते.”

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या २७ वर्षांच्या मुलीचं हे वाक्य आहे. महिन्याच्या आढावा बैठकीत, ग्राहक कंपनीच्या माणसांसमोर ती ते बोलली. फिक्स्चर ही भोक पाडताना भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट, आणि तिची लोकेटिंग पिन भागाला नेमक्या जागी बसवते. त्या वाक्यातली माहिती पूर्ण खरी होती. पिन तिनं स्वतः मायक्रोमीटरनं मोजली होती आणि ती नव्या पिनेपेक्षा १२० मायक्रॉननं (०.१२ मिलिमीटरनं) बारीक भरली होती. दोन्ही फिक्स्चरवरचे तीस-तीस भाग तिनं तपासले होते. भोक जागेवरून हललेले भाग फक्त दोन नंबरच्या फिक्स्चरवरच सापडत होते.

तरीही तिचं म्हणणं कुणी धरलं नाही. ग्राहकाकडच्या इंजिनिअरनं विचारलं, “वाटतंय, की आहे?” ती “म्हणजे सर…” म्हणेपर्यंत तिच्या वरिष्ठांनी विषय उचलला. लाईनवर नवा ऑपरेटर आहे, त्याला पुन्हा ट्रेनिंग देतो, असं ते एका दमात, न अडखळता बोलले. अहवालात मूळ कारण म्हणून ऑपरेटरची चूक लिहिली गेली. त्या मुलाला दोन दिवस मशीनवरून उठवून बाजूला बसवलं. फिक्स्चर तसंच चालू राहिलं, आणि साडेतीन आठवड्यांनी त्याच तक्रारीचा दुसरा लॉट परत आला.

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते त्या ऑपरेटरमुळे. बोलताना अडखळणं ही बोलणाऱ्याची स्वतःपुरती लाज आहे, असं आपण धरून चालतो. इथे त्या अडखळण्याची किंमत तिसऱ्याच माणसानं मोजली. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे. तिचं आणि कंपनीचं नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर शनिवारी संध्याकाळी कुणी आलं तर बोलण्याची तयारी करून घेते. ही मुलगी मोशीला राहते. बसनं नाशिक फाट्याला यायचं, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून नळ स्टॉप. पावसाळ्यातही तिनं एक शनिवार चुकवला नाही. पहिल्याच दिवशी तिनं मागणी मांडली ती अगदी नेमकी: “मॅडम, माझं ते म्हणजे-म्हणजे तेवढं बंद करून द्या.”

वाटी आणि चमचा

मी माझी जुनी पद्धत काढली. समोर स्टीलची वाटी, हातात चमचा. तिनं दोन मिनिटं बोलायचं आणि रिकामा ‘म्हणजे’ आला की मी वाटी वाजवायची. ही युक्ती माझी नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली टोस्टमास्टर्सची सुरुवात केली. त्यांच्या सभांमध्ये असे भरीचे शब्द टिपून ठेवायचं काम एका सदस्याकडे दिलेलं असतं. पुण्यातही त्यांचे क्लब आहेत. वक्तृत्व स्पर्धेच्या मुलांना माझी वाटी लागू पडायची, कारण त्यांचं भाषण निम्मंअधिक पाठ असायचं. भरीचा शब्द त्यांच्या जिभेवर नुसता चिकटलेला असे, तो दोन-तीन दिवसांत गळून पडे.

तिसऱ्या शनिवारी हिच्या बोलण्यातलं ‘म्हणजे’ जवळजवळ गेलं. त्याच्या जागी ‘तर’ आलं, ‘बेसिकली’ आलं, घसा खाकरणं आलं. आवाज खाली गेला आणि वाक्यं अर्ध्यावर सुटू लागली. जाताना दारात चपला घालता घालता ती म्हणाली, “दोन आठवडे झाले मॅडम, मी मीटिंगमध्ये बोललेच नाही. तोंड उघडायच्या आधीच वाटी ऐकू येते.”

ही माझी चूक होती. शाळा-कॉलेजांत आजही ती सर्रास होते, म्हणून इथे लिहून ठेवते. नको असलेल्या सवयी मोडण्याची एक पद्धत एझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडली. पुढे २०१६ मध्ये मॅन्कुसो आणि मिल्टनबर्गर यांनी ती भाषणातल्या अं-आंवर वापरून पाहिली, आणि विद्यार्थ्यांचे भरीचे आवाज त्यानं कमी झाले. त्या पद्धतीला दोन अंगं आहेत. सवय कधी येते हे ज्याचं त्यानं ओळखायला शिकायचं, आणि त्या क्षणी तिच्या जागी दुसरं काहीतरी करायचं. इथे ते दुसरं म्हणजे गप्प राहणं. माझ्या वाटीत पहिलं अंगसुद्धा अर्धंच होतं, कारण ओळखत मी होते, ती नव्हे. दुसरं अंग तर नव्हतंच. मी फक्त तिच्या हातातली काठी काढून घेतली होती.

वही

चौथ्या शनिवारी मी वाटी आत ठेवली आणि तिला एक काम दिलं. बैठक लॅपटॉपवरून झाली होती, त्यामुळे तिचं रेकॉर्डिंग कंपनीकडे होतं. ते बाहेर नेता येत नव्हतं. मी म्हटलं, तिथेच बसून स्वतःची चार मिनिटं शब्दन् शब्द वहीत उतरव. अं, ना, खाकरणं, सगळं. काही सुधारायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत बसून तिनं ते तीन दिवसांत पुरं केलं. स्वतःचा आवाज ऐकणं तिला फार जड गेलं. पण या सगळ्या प्रकरणात ज्याचा खरा उपयोग झाला, ते काम हेच.

चार मिनिटांत भरीचे शब्द ५७ निघाले. ‘म्हणजे’ एकूण ४१ वेळा आलं होतं, पण आधी त्यातून कामाचे ‘म्हणजे’ वेगळे काढायला हवे होते. मराठीत हा शब्द भरपूर राबतो. अर्थ सांगायला तो लागतो, “लवकर निघ म्हणजे मेट्रो मिळेल” असं दोन वाक्यं जोडायला लागतो, आणि नुसतं “म्हणजे?” म्हणून प्रश्नही विचारता येतो. त्याला सरसकट दोषी ठरवणारे सल्ले मला पटत नाहीत. असे सात वगळले. ३४ रिकामे उरले.

मग आम्ही रंगीत पेन्सिल घेऊन बसलो आणि ते ३४ कुठे कुठे आलेत ते पाहिलं.

पानाच्या मधोमध पाच-सहा ओळी अगदी स्वच्छ होत्या. “१४ तारखेच्या लॉटमधले ६० भाग तपासले. एक नंबरवरचे ३०, सगळे ओके. दोन नंबरवरचे ३०, त्यातले ११ बाहेर.” एकही अं नाही. मी विचारलं, “हे कुणी बोललंय?” ती वहीकडे बघत राहिली. आपल्यात आत्मविश्वास नाही, हे निदान तिनं कितीतरी वर्षं उराशी धरलं होतं. तिच्याच वहीतल्या या ओळी ते खोडून काढत होत्या.

इथे एक जुना अभ्यास आठवतो. कोलंबिया विद्यापीठात स्टॅन्ली शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राध्यापकांच्या व्याख्यानांतले अं-आं मोजले आणि १९९१ साली निष्कर्ष छापले. विज्ञान शिकवणारे कमी अडखळत होते, साहित्य-कला शिकवणारे जास्त. त्याच माणसांना सगळ्यांच्या ओळखीच्या एकाच विषयावर बोलतं केलं, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे फरक माणसाच्या स्वभावात नव्हता, विषयात होता. एकच गोष्ट सांगायला जितके जास्त शब्द हाताशी, तितकी निवड जास्त, आणि निवड करताना जीभ थांबते. १४ तारखेला १४ तारीखच म्हणावं लागतं. तिथे निवड नाही, म्हणून अडखळ नाही.

मग ३४ ठिकाणी ती कशाची निवड करत होती?

काही जागा लगेच कळल्या. “वर्न आऊट, म्हणजे, झिजल्यासारखी.” इंग्रजी शब्द आधी टाकायचा, कारण बैठकीत तो शोभतो, आणि मग पुन्हा मराठीत सांगायचा, कारण अर्थ पोचला की नाही याची धास्ती. दोन भाषांच्या सांध्यावर ‘म्हणजे’ बसलेलं. यावर फार वेळ घालवावा लागला नाही. एका गोष्टीला एकच शब्द ठरवायचा आणि शेवटपर्यंत तोच वापरायचा. फिक्स्चरला फिक्स्चर, पिनेला पिन, झिजण्याला झिजणं.

दुसरी जागा कळायला वेळ लागला. नऊ वेळा ‘म्हणजे’ ठरावीक क्रियापदांच्या तोंडाशी आलं होतं. सरकतोय, हलतोय, येतोय, चाललंय. “पार्ट, म्हणजे, सरकतोय.” पुन्हा, “तो म्हणजे, अं, सरकतोय.” मी विचारलं, “इथे काय अडतं?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आधी ‘सरकायलाय’ येतं मॅडम. मग मी ते बदलते.”

ती लातूरकडची. तिकडे पाऊस ‘पडायलाय’, माणूस ‘जेवायलाय’, पार्ट ‘सरकायलाय’. पुण्यात आली त्या वर्षी तिनं खोलीतल्या मुलीला सहज “काय करायलीस?” असं विचारलं होतं, आणि पुढे कित्येक आठवडे ते वाक्य त्या मजल्यावर सगळ्यांच्या तोंडी होतं. तेव्हापासून असं प्रत्येक क्रियापद ती आधी मनात पकडते, पुण्याचं करते आणि मग बाहेर सोडते. तेवढ्या वेळात तोंडाला काहीतरी काम हवं, म्हणून ‘म्हणजे’.

हे ऐकून मी हलले, कारण त्यात माझा वाटा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते, असं हे शहर. चांगलं बोलणं ऐकायला उन्हाळ्यात माणसं इथे घराबाहेर पडतात, याचा मला अभिमान आहे. पण तोच तयार कान दुसऱ्याच्या बोलीवर रोखला की समोरच्याचा शब्द घशात अडकतो. स्पर्धांची परीक्षक म्हणून मी स्वतः ‘अशुद्ध उच्चार’ या रकान्यात गुण कापले आहेत. त्यातली किती मुलं पुढे सभेत गप्प झाली असतील, हा विचार त्या संध्याकाळपासून माझा पाठलाग सोडत नाही.

मी तिला म्हटलं, “सरकायलायच म्हण. सगळ्यांना कळतं.” ती ठाम होती: “मीटिंगमध्ये नाही चालत.” मी रेटलं नाही. लोक तिला हसले होते, मला नव्हे. त्यापेक्षा दोन्हीकडे सारखं असलेलं रूप शोधलं. ‘पार्ट सरकतो.’ हे लातूरलाही असंच आणि पुण्यातही असंच. ‘पिन झिजली’, ‘भोक हललं’, हीही तशीच. बोलायच्या सगळ्या वाक्यांची क्रियापदं तिनं अशी आधीच ठरवून टाकली, म्हणजे ऐनवेळी बदलायला काही उरू नये.

तिसरी जागा वाक्याच्या शेवटाची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे बोलणारा कशाची हमी देतोय हे शेवटच्या दोन शब्दांत ठरतं. झिजली आहे. झिजली असावी. झिजल्यासारखी वाटते. सुरुवात तीच, पण शेवटी पळवाट उघडी. भीती वाटली की माणूस त्या वाटेनं निघून जातो, आणि तिथवर पोचायच्या आधी दोन-तीन ‘म्हणजे’ टाकून रस्ता लांबवतो. तिच्या चार मिनिटांत ‘वाटतं’ ११ वेळा आलं होतं. त्यातल्या आठ गोष्टी तिनं मोजलेल्या होत्या. मायक्रोमीटरवर आकडा वाचून त्याला ‘वाटतं’ म्हणणं हा विनय नाही. त्यानं आकड्यावर अन्याय होतो, आणि ज्या ऑपरेटरवर ठपका आला त्याच्यावरही.

म्हणून आम्ही वहीतलं तिचं एकेक वाक्य तीन ढिगांत वाटलं. मोजलं त्याला ‘आहे’. अनुमान केलं त्याला ‘असावं’. माहीत नाही त्याला सरळ ‘माहीत नाही’. ‘असावं’ला माझा मुळीच विरोध नाही. पिन कधीपासून झिजत होती हे तिला ठाऊक नव्हतं, तिथे ‘असावं’ हाच खरा शब्द. ठामपणा म्हणजे सगळीकडे ‘आहे’ ठोकणं, असा समज वरिष्ठांच्या त्या अस्खलित वाक्यामुळे तिचाही झाला होता. ते बोलणं वाहतं होतं, पण त्यामागे एकही मोजमाप नव्हतं.

हे वाटप करता करताच तिचा आवाज चढला. मी आवाजाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

शांतता कुणाची

आता प्रश्न होता ‘म्हणजे’च्या जागी काय ठेवायचं. उत्तर सगळे देतात: थांबा. तिनंही ते ऐकलं होतं, आणि तिचा आक्षेप रास्त होता. “थांबलं की दुसरं कुणीतरी बोलतं.”

वहीत पाहिलं. चार मिनिटांत ती खरोखर गप्प झाली होती अशा जागा फक्त पाच, आणि त्यातल्या चार ठिकाणी पुढचं वाक्य दुसऱ्या कुणाचं होतं. मग ती ‘म्हणजे’नं कुंपण घालत होती, यात नवल काय? मॅक्ले आणि ऑस्गूड या संशोधकांनी १९५९ सालीच सुचवलं होतं की असे आवाज काढून बोलणारा आपली पाळी राखून ठेवतो. स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरातल्या दहा भाषांतली संभाषणं तपासली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यांना दिसलं. भाषाभाषांत थोडा फरक, पण घाई सगळीकडे. इतक्या अरुंद फटीत अर्धा सेकंद थांबणं हेसुद्धा पाळी सोडल्यासारखं दिसतं.

मी तिला गावाकडच्या सप्ताहाची आठवण दिली. कीर्तनकार बुवा दम घ्यायला थांबतात तेव्हा मागचे टाळकरी धून उचलतात. लोकांना ठाऊक असतं की बुवांचं संपलेलं नाही. बैठकीत मागे टाळकरी नसतात. तेव्हा आपलं अजून संपलेलं नाही, हे ऐकणाऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं. “चार गोष्टी सांगते. पहिली…” असं म्हटल्यावर दुसरीनंतरच्या शांततेत सहसा कुणी घुसत नाही. आणि बोलताना कागदाकडे नाही, माणसाकडे बघायचं. मान खाली गेली की शांतता बेवारस होते.

कुठे थांबायचं हेही ठरवावं लागलं. ती वाक्याच्या पोटात अडखळायची, ‘पिन’ आणि ‘झिजली’ यांच्या मध्ये. आम्ही नियम केला: वाक्य पुरं करायचं, ओठ मिटायचे, नाकानं श्वास घ्यायचा, पुढचं वाक्य. ओठ मिटलेले असताना ‘म्हणजे’ निघूच शकत नाही. पहिल्यांदा जमलं तेव्हा तिला वाटलं आपण पाच सेकंद गप्प होतो. फोनवर रेकॉर्ड केलं होतं, मोजलं तर दीड सेकंद. हे तिला तीन वेळा मोजून दाखवावं लागलं. चौथ्यांदा तिनं स्वतःच मोजलं आणि मग त्या शांततेची भीती गेली.

सराव माझ्या घरी कमी आणि बाहेर जास्त झाला. मेसमध्ये, स्टोअरमध्ये सामान मागताना, घरमालकाशी बोलताना. रोज एकाच माणसाशी, एकच वाक्य, ओठ मिटून संपवायचं. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. पाच आठवडे तिनं ते नेमानं केलं.

वरिष्ठांशी

एक गोष्ट तिच्या एकटीच्या सरावानं सुटणारी नव्हती. तिच्या शांततेत शिरणारे बहुतेक वेळा तिचे वरिष्ठच होते. मी म्हटलं, त्यांना आधी सांग. ती घाबरली. दोन शनिवार आम्ही त्याच दोन वाक्यांवर घालवले. शेवटी चहाच्या वेळी तिनं त्यांना गाठलं. “सर, या वेळी फिक्स्चरचं मी चार मिनिटं सांगते. माझं झालं की ‘झालं’ म्हणते, मग तुम्ही घ्या.”

ते लगेच हो म्हणाले. आणि म्हणाले, “मला वाटायचं तू अडकलीस, म्हणून मी सोडवायला यायचो.”

त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. अडखळणाऱ्याचं वाक्य पुरं करणारी बहुतेक माणसं भल्या मनानंच तसं करतात. पण त्यामुळे समोरच्याला दरवेळी तोच धडा मिळतो, की तुझं वाक्य तू पुरं केलं नाहीस तरी चालतं. ज्यांच्या हाताखाली मुलं काम करतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दोन सेकंद थांबा. वाक्य येतंय.

दुसरी बैठक

दुसरा लॉट परत आल्यावर ग्राहकानं नवा एट-डी अहवाल मागितला. वाहन उद्योगात तक्रारीचा छडा लावायची ही आठ पायऱ्यांची पद्धत, फोर्ड कंपनीनं १९८०च्या दशकात रूढ केलेली. क्रम त्यात तयारच असतो, तो वेगळा जुळवावा लागत नाही. आठांतल्या चार पायऱ्या तिनं बोलायला निवडल्या आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य लिहून ठेवलं. फक्त पहिलं. पुढचं तिला येतच होतं. काय झालं. सदोष भाग पुढे जाऊ नयेत म्हणून काय केलं. का झालं. पुन्हा होऊ नये म्हणून काय करतोय.

बैठक झाल्यावर तिनं पुन्हा वही भरली, या वेळी न सांगता. भरीचे शब्द १९, त्यात रिकामे ‘म्हणजे’ ६. ‘वाटतं’ एकदाच, आणि तेही योग्य जागी. १९ हा आकडा पाहून ती थोडी हिरमुसली. मला तो शून्यावर आणायचा नव्हताच. इंग्रजी बोलण्याच्या अभ्यासांत शंभर शब्दांमागे साधारण सहा अडखळी आढळतात, आणि त्या बोलायला बिचकणाऱ्यांच्याच नव्हेत, सगळ्यांच्या. अं-नंतर आलेला शब्द ऐकणाऱ्याच्या चांगला लक्षात राहतो, असंही कॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ मध्ये दिसलं होतं. भरीचा एखादा शब्द कुणाचं काही बिघडवत नाही. मोजलेल्या गोष्टीच्या आड तो येता कामा नये, एवढंच मी बघत होते.

एके ठिकाणी तिला विचारलं गेलं, “बाकीच्या मशीनवरच्या पिना बघितल्या का?” तिनं उत्तर दिलं, “नाही. उद्या दुपारी बारापर्यंत मोजून कळवते.” आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या आत कळवलं.

दोन नंबरची पिन बदलली. नवी पिन कडक केलेल्या पोलादाची बसवली आणि प्रत्येक शिफ्टला ती गेजनं तपासायचं ठरलं. आधीच्या अहवालातलं ऑपरेटरच्या चुकीचं कारण रद्द झालं, असं लेखी पत्र तिनं मागितलं. ते मिळायला दहा दिवस लागले. मिळाल्यावर तिनं ते त्या मुलाला नेऊन दाखवलं.

वहीत एक जागा तिनं चौकटीत घातली आहे. ग्राहकाकडचा तोच इंजिनिअर मध्येच विचारतो: पिन झिजली हे ठीक, पण त्यानं भोक कसं हलतं? हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता, त्याचं क्रियापद आम्ही ठरवलं नव्हतं. पुढे तिनं दोन उभ्या रेघा ओढल्या आहेत. ती तिची शांततेची खूण. कुणी मध्ये बोललेलं नाही. मग तिचं वाक्य आहे:

“पिन बारीक झाली, त्यामुळं क्लॅम्प आवळताना पार्ट सरकायलाय.”

पुढची ओळ त्याची.

“किती?”

“१२० मायक्रॉनपर्यंत.”